'माझ्या नवऱ्याची बायको' ही मालिका नक्की कशावर होती आणि एवढी का चालली?
नावावरून लफड्याची गोष्ट वाटते, आणि सुरुवातीला होतीही तीच. २०१६ साली झी मराठीवर आली तेव्हा नागपूरची राधिका, तिचा नवरा गुरुनाथ आणि त्याची मैत्रीण शनाया, एवढाच मामला. खरी गंमत आली ती राधिकाने मसाले करायला घेतल्यावर. बघता बघता कंपनी ३०० कोटींची! (आमच्याकडे अजून मिरच्या भाजताना कुणीतरी हा आकडा काढतंच.) हिशेबाचं सोडा, पण नवऱ्याचा डबा भरणारी बाई मालकिणीच्या खुर्चीत बसलेली बघायला लोकांना आवडलं. राधिका झालेल्या अनिता दातेचं नागपुरी ठसक्याचं बोलणं हे अर्धं यश. शनाया मात्र आधी रसिका सुनील, मग ईशा केसकर, पुन्हा रसिका. २०२१ पर्यंत ताणली. शेवटी शेवटी मी तरी चॅनल बदलायचो.