जपानी चित्रकार होकुसाईच्या चित्रात कोळी जाळं ओढताहेत, मग ज्या कवितेवर ते काढलंय ती पक्ष्याच्या शेपटीची कशी?

तुमच्यासारखाच मीही त्या चित्रात आधी पक्षी शोधला होता. तो नाहीच. कारण कवितेतही तो नावापुरताच आहे.

कविता काकिनोमोतो नो हितोमारो या प्राचीन जपानी कवीची मानली जाते. अर्थ साधारण असा: डोंगरातल्या यामादोरी पक्ष्याच्या लोंबत्या शेपटीसारखी लांबच लांब ही रात्र, मी एकट्यानेच झोपून काढायची का? मूळ पाच ओळींतल्या पहिल्या तीन शेपटीतच जातात, आणि त्या येतात कशासाठी, तर चौथ्या ओळीतला 'नागानागाशी' म्हणजे 'लांबलचक' हा शब्द आणण्यासाठी. तोवर वाचणाऱ्यालाही रात्र सरत नाहीशी होते. शिवाय यामादोरीचे नर-मादी रात्री वेगवेगळे झोपतात अशी जुनी समजूत होती, म्हणजे विरह दुसऱ्याच ओळीत, पक्ष्याच्या नावासोबत येऊन बसलेला.

होकुसाईने पक्षी सोडला आणि लांबी धरली. कोकणात रापण ओढतात तशी वाकलेल्या कोळ्यांची रांग बघा, मग शेकोटीच्या धुराचा तो लांब पट्टा. शेपटी तिथे आहे! कवितेचा पहिला शब्द 'आशिबिकी' हे डोंगराला ठरून लागणारं विशेषण. त्याचा नेमका अर्थ कधीच पुसट झालाय, पण 'आशि' म्हणजे पाय आणि 'हिकु' म्हणजे ओढणं हे कानाला जाणवतं. पाय ओढत जाणारे ते कोळी मला त्या शब्दातूनच आलेले वाटतात.

मालिकेचं नावच 'दाईने चित्रांतून समजावलेल्या शंभर कवींच्या शंभर कविता' असं आहे. मुलं सांभाळणारी साधी दाई आपल्या समजुतीने अर्थ लावते, ही त्यातली कल्पना. होकुसाईने पंच्याहत्तरीत, १८३५-३६च्या सुमारास ती सुरू केली. शंभरांपैकी २७ रंगीत चित्रंच छापून निघाली. मूळ संग्रह तेराव्या शतकातला, फुजिवारा नो तेइका या कवीने निवडलेला. एदो काळात, म्हणजे होकुसाईच्या काळात, नववर्षाला या कवितांच्या पत्त्यांचा खेळ घरोघरी चाले, त्यामुळे ओळी लोकांना तोंडपाठ असत. शेपटी काढून दाखवायची गरजच नव्हती.

आता चित्रातल्या त्या झोपडीकडे बघा. बाहेर इतकी माणसं एकाच दोराला लागलीत आणि आत एकच जण जागा आहे.