ना धड इंजिनिअर, ना धड जीवशास्त्रज्ञ?

"मॅडम, तिथे गेले तर मी ना धड इंजिनिअर राहीन, ना धड जीवशास्त्रज्ञ होईन. वर तीन वर्षांत तीन लॅब. त्यात माझं म्हणून काय उरणार?"

बायोमटेरियल्समध्ये, म्हणजे शरीरात वापरायच्या पदार्थांच्या अभ्यासात, पीएचडीला निघालेल्या मुलांकडून ही काळजी मी वारंवार ऐकते. हे विचारणाऱ्या मुलीचं पदव्युत्तर शिक्षण धातुशास्त्रातलं. युरोपातल्या मारी स्क्लोदोव्स्का-क्युरी योजनेतल्या एका डॉक्टोरल नेटवर्कमध्ये तिची निवड झाली होती. अशा नेटवर्कमध्ये वेगवेगळ्या देशांतली विद्यापीठं, रुग्णालयं आणि कंपन्या एकत्र येऊन साधारण दहा-पंधरा संशोधक घेतात. प्रत्येकाचा प्रकल्प वेगळा असतो, पण सगळे एकमेकांत गुंतलेले असतात. संशोधकाला विद्यार्थी म्हणून नुसतं विद्यावेतन मिळत नाही, त्याला रीतसर नोकरीचा करार मिळतो. तिचा करार 36 महिन्यांचा होता. त्यातला जास्तीत जास्त एक तृतीयांश काळ सेकंडमेंटचा, म्हणजे भागीदार संस्थेत जाऊन काम करण्याचा.

तिचा प्रकल्प होता हाड जोडण्यासाठी वापरायच्या मॅग्नेशियमच्या मिश्रधातूंवर. हाड जुळेपर्यंत स्क्रूने आधार द्यायचा आणि मग शरीरातच विरघळून जायचं, म्हणजे तो काढण्यासाठी दुसरी शस्त्रक्रिया नको. ही कल्पना आता कागदावरची राहिलेली नाही. असा एक स्क्रू 2013 मध्ये युरोपात वापरासाठी मंजूर झाला.

तिची पहिली काळजी मी बाजूला ठेवली आणि तिला विचारलं, "या धातूचा अर्क, म्हणजे धातू भिजवून ठेवलेलं द्रावण, पेशींवर घातला आणि पेशी मेल्या, तर काय समजशील?"

"धातू विषारी आहे असं."

"आणि मॅग्नेशियम पाण्यात ठेवलं तर काय होतं?"

याचं उत्तर तिने झरझर दिलं. हायड्रोजन सुटतो, मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड तयार होतं, पीएच वर चढतो, द्रावणात आयन वाढतात. क्लोराइड असेल तर गंज आणखी वेगाने पसरतो.

"मग पेशी कशाने मेल्या?"

ती थांबली. मग सावकाश म्हणाली, "पीएचने मेल्या असतील. नाहीतर क्षारांच्या दाबाने."

या क्षेत्रातली खरी अडचण हीच आहे. वैद्यकीय साहित्याची पेशींवरची चाचणी आयएसओ 10993-5 या मानकानुसार होते. न विरघळणाऱ्या धातूला ती पद्धत ठीक चालते. मॅग्नेशियमचा अर्क मात्र पातळ न करता वापरला तर पेशी मरतात, आणि शरीरात सुखरूप राहणारा धातूही नापास ठरू शकतो, कारण शरीरात रक्त आणि ऊतींमधला द्रव हे सगळं सतत वाहून नेत असतो. एमटीटी चाचणीत याच्या उलट फसगत होते. तिथे जिवंत पेशी एका रसायनाचा रंग बदलतात आणि त्या रंगावरून त्या किती जगल्या ते ठरतं. पण गंजणारं मॅग्नेशियम तो रंग स्वतःच बदलू शकतं, म्हणजे पेशी मेलेल्या असल्या तरी आकडा चांगला दिसेल. ही चूक कुणाच्या आधी लक्षात येईल? ज्याला गंजण्याची प्रक्रिया आतून माहीत आहे त्याच्या. पेशींच्या लॅबमध्ये धातुशास्त्र शिकलेलं माणूस उपरं नसतं. त्याच्यावाचून निकाल चुकीचा वाचला जातो.

म्हणून "आधी जीवशास्त्र पक्कं कर, मग जा" हा सल्ला मी देत नाही. जीवशास्त्र कधीच पक्कं होत नाही, आणि तोवर हातची जागा जाते. मूळ विषय घट्ट धरून ठेवायचा, आणि दुसऱ्यातलं आपल्या प्रश्नाला लागेल तेवढं नीट शिकायचं: निर्जंतुक काम, पेशी वाढवणं आणि मोजणं, कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीचे नमुने, कसे लावायचे ते. नेटवर्कची प्रशिक्षण सत्रं चांगली असतात, पण हात बसतो तो लॅबमधल्या अनुभवी तंत्रज्ञाशेजारी उभं राहूनच. सुरुवातीचे काही महिने त्यासाठी मागून घे, असं मी तिला सांगितलं.

दुसरी काळजी, वेळेची. ती मात्र खरी आहे, आणि तिच्यावर नुसता धीर देणं मला योग्य वाटत नाही. हाडाच्या पेशींनी खनिज धरायला लागेपर्यंत एकेका प्रयोगाला काही आठवडे जातात. मधेच जंतुसंसर्ग झाला की पुन्हा पहिल्यापासून. प्राण्यांवरचा प्रयोग असेल तर युरोपात 2010 च्या निर्देशानुसार प्रकल्पाला आधी परवानगी लागते, आणि हाड भरून यायला लागणारे महिने कुणालाच कमी करता येत नाहीत. आम्ही तिचा आराखडा उघडून बसलो. प्राण्यांवरचं काम तिसऱ्या वर्षात होतं. त्यासाठी लागणारा नवा मिश्रधातू नेटवर्कमधला दुसरा संशोधक बनवणार होता, आणि तो अजून रुजूही झाला नव्हता.

करारावर सही करण्याआधी मार्गदर्शकांना पत्र लिही, असं मी सुचवलं. ती बिचकली. "त्यांना वाटेल, आत्तापासूनच कुरकुर करते." मला तसं वाटत नव्हतं. धातू उशिरा आला तर मी कशावर काम करू, परवानगीचा अर्ज कुणाच्या नावाने आणि कधी जाणार, पदवी कोणतं विद्यापीठ देणार, आणि तिथे प्रबंधाला चार वर्षं लागत असतील तर 37 व्या महिन्यापासून पगार कोण देणार, एवढंच विचारायचं होतं. चांगला मार्गदर्शक अशा पत्राने सुखावतो. जिथे चौथ्या वर्षाच्या प्रश्नावर गोलमोल उत्तर येतं, तिथे मी मुलांना थांबायलाच सांगते, योजना कितीही नावाजलेली असो.

तिला सविस्तर उत्तर आलं. सुरुवात बाजारात मिळणाऱ्या डब्ल्यूई43 या मिश्रधातूवर करायची, नवा आला की जोडीला घ्यायचा. प्राण्यांवरचा प्रयोग भागीदार संस्था आपल्या परवानगीत करणार. तिच्याकडे येणार ते काढलेले नमुने, म्हणजे धातू किती झिजला आणि भोवती हाड कसं आलं याचा अभ्यास. प्रबंध लांबला तर विभाग पुढचा पगार देईल, हेही लेखी मिळालं. रुजू होण्याआधीच्या 36 महिन्यांत यजमान देशात 12 पेक्षा जास्त महिने राहिलेलं नसावं, ही योजनेची अट ती सहज पाळत होती. घाईत पुष्कळजण नेमकी तीच वाचायची विसरतात.

ती गेली. पेशी न घालताच रंग बदललेल्या एमटीटीच्या प्लेटचा फोटो तिने मला पाठवला होता. तिच्या गटाने त्या धातूंसाठी आता ती चाचणी बंद केली आहे. सध्या तिचा प्रश्न वेगळा आहे: कंपनीतल्या सेकंडमेंटमध्ये मिळालेली मोजमापं प्रबंधात किती छापता येतील? भागीदारी करारातलं गोपनीयतेचं कलम तिने मागवून घेतलं आहे, आणि पुढच्या वेळी आम्ही ते ओळ न् ओळ वाचणार आहोत.