पान उलटायची घाई

चि. बाळ यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज वाचला. रोज एक अध्याय उरकणाऱ्या ग्रुपात तू मागे पडलास, म्हणून ज्ञानेश्वरी आपल्याला झेपायची नाही असं तुला वाटतंय. टेबलावर सार्थ प्रत, मोबाइलवर कुणाचं तरी निरूपण, गाडी चालवताना तिसऱ्याच कुणाचं प्रवचन, आणि वर विचारतोस, "काकू, माझ्यात काही फरकच कसा पडत नाही?" कसा पडेल रे? एका तरी ओवीला तुझ्यापाशी बसू दिलंस का?

माझं सांगणं एकच आहे. पान उलटू नकोस.

तेराव्या अध्यायात साडेअकराशेच्या वर ओव्या आहेत. ऑफिस सांभाळून त्या तू एका दिवसात संपवल्यास म्हणतोस. त्यातलं काय राहिलं, सांग बरं. गीतेत ज्ञानाची लक्षणं मोजताना अहिंसा येते आणि श्लोक लगेच पुढच्या लक्षणाकडे जातो. माउली मात्र तिथेच शंभराच्या वर ओव्या मुक्काम करतात. आधी यज्ञातली हिंसा, मग औषधासाठी उपटलेली झाडं, अशी इतरांची मतं तपासतात. त्यानंतर अहिंसा अंगी बाणलेला माणूस चालतो कसा, बघतो कसा, बोलतो कसा, त्याचे हात कसे वागतात, हे एकेक करून दाखवतात. त्यातली ही ओवी:

कां कमळावरी भ्रमर । पाय ठेविती हळुवार ।
कुचुंबैल केसर । इया शंका ॥

केसर चुरगळेल या शंकेनं भुंगे कमळावर हळुवार पाय ठेवतात, तसं. एवढीच घे आणि आठवडाभर घरात वावर. मी ती घेऊन स्वयंपाकघरात वावरत होते, तेव्हा ओट्यावर भांडी आपटल्याचा आवाज पहिल्यांदा मला ऐकू आला. भांडी मीच आपटत होते, आणि कुणावरचा राग काढत होते तेही कळलं. नुसता अर्थ वाचून हे कळलं नसतं. तुझ्या घरी दार आहे, जिना आहे, आई आहे. तिला तू उत्तरं कशी देतोस ते मी ऐकलंय. म्हणून म्हणते, पान उलटू नकोस.

सहाव्यातलं कुंडलिनीचं वर्णन वाचून तू घरच्या घरी श्वास कोंडून बसायला लागलास, ते आधी बंद कर. तो नाथपंथाचा मार्ग आहे, तो गुरूसमोर शिकायचा. तू बाराव्यापासून सुरुवात कर. सुमारे अडीचशे ओव्यांचा अध्याय, विषय भक्तीचा. आणि वहीत प्रत्येक ओवीखाली 'करिअरसाठी धडा' लिहितोस, तेही थांबव. एकनाथ महाराजांनी 1584 साली ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. तोवर तिच्यात पाठभेद शिरले होते. त्यांनी बजावून ठेवलंय, या ग्रंथात आपली ओवी घालणं म्हणजे अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे नारळाची करवंटी, ठेवणं. तुझी वही नरोट्यांनी भरलीय, राग मानू नकोस.

आमच्या मंडळातल्या बायकांना मी हेच सांगितलं, तेव्हा मला शिष्ट म्हणाल्या. म्हणोत. पारायणाला माझा विरोध नाही. सप्ताहात जन्म गेलेली, ओव्या तोंडपाठ असलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांचं पारायण म्हणजे ओळखीच्या घरी परत जाणं असतं. तुझी अजून ओळखच व्हायची आहे. मी मंडळात जायचं सोडलं ते मला एकटीला थांबायचं होतं म्हणून, मोठेपणा मिरवायला नव्हे. हे कुणाला पटलं नाही, तुला तरी पटावं.

एक गोष्ट मात्र मला अजून सलते. मी कायम मनातल्या मनात वाचत आले. ह्यांना ऐकायची फार हौस. "मोठ्यानं वाच की जरा," म्हणायचे. माझी एकाग्रता मोडते म्हणून मी टाळत राहिले. आता मोठ्यानं वाचते, तर ऐकायला ते नाहीत. अरे, हा ग्रंथ मुळात 1290 साली नेवाशाला श्रोत्यांसमोर सांगितलेला आहे, सच्चिदानंदबाबांनी तो उतरवून घेतला. नवव्याची पहिलीच ओवी श्रोत्यांकडे अवधान मागते. तेव्हा तू मोठ्यानं वाच. आधी ओवी, दोनदा, खालचा अर्थ हातानं झाकून. अडलं तरच हात काढ. आईला विचार, बसशील का म्हणून. ती नाही म्हणणार नाही. तिला काही समजावून सांगायला मात्र जाऊ नकोस, तुझ्याहून तिला जास्त कळतं.

ग्रुप सोडायचा की नाही ते तुझं तू ठरव. मला विचारशील तर आजच सोड. पुढच्या महिन्यात घरी येशील तेव्हा किती अध्याय झाले ते मी विचारणार नाही. कुठल्या ओवीवर अडला आहेस, ते विचारेन. आणि येताना ती वही आणू नकोस.

तुझी,
काकू