जिम्नीला दोन इंचांच्या आतल्या लिफ्टवर २३५/७५ आर १५ टायर बसतात का?

बसतात. घासतातही. थोडं लांबण लावून सांगतो, कारण तुम्ही नकळत आमच्या घरातल्या जुन्या भांडणात पाय घातलाय.

तुमचं म्हणणं असं, की गाडी जिम्नी (मारुतीची छोटी फोर-बाय-फोर), राहायला श्रीवर्धनजवळ, लिफ्ट, म्हणजे उंच स्प्रिंगा घालून गाडी वर उचलणं, दोन इंचांच्या वर करायची नाही आणि टायर २३५/७५ आर १५च हवेत. ते घासतील का, आणि चिखलात-पुळणीत फायदा किती. माझीही जिम्नीच, मॅन्युअल, गुहागर तालुक्यात. कलमांची बाग सड्यावर आहे आणि शेवटचा दीड किलोमीटर गडग्यांमधली पाणंद. त्यामुळे गाडी नुसती शोभेची नाही.

आधी आकडे घ्या. कंपनीचा १९५/८० आर १५ टायर (रुंदी १९५ मिमी, कडेची उंची तिच्या ८० टक्के, रिम १५ इंची) म्हणजे व्यास ६९३ मिमी. २३५/७५ म्हणजे साधारण ७३३. फरक ४० मिमीचा दिसतो, पण एक्सलखाली, म्हणजे दोन चाकं जोडणाऱ्या दांड्याखाली, त्यातला निम्माच पदरात पडतो. २० मिमी, म्हणजे जेमतेम पाऊण इंच. एवढ्यासाठी सगळा खटाटोप.

आता आमचा मेव्हणा. बायकोचा धाकटा भाऊ, राहतो पुण्यात, शनिवार-रविवार गाड्या घेऊन डोंगरात जाणाऱ्यांपैकी. २०२३ साली मी गाडी घेतली तेव्हापासून माझ्या मागे लागला होता. "भावोजी, दोन इंच लिफ्ट टाका, टायर आपोआप बसतो." मी म्हणायचो, अरे, टायर कुठे लागतो ते बघायला नको का? तर म्हणे, "लिफ्ट केल्यावर लागायला उरतं काय?" शेवटी त्याच्याच ओळखीच्या गॅरेजात स्प्रिंगा बदलल्या, चार २३५ घातले. गाडी जॅकवरून उतरवली, मिस्त्रीने स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून दाखवलं. कुठेच लागत नव्हतं. मेव्हणा माझ्याकडे असा बघत होता की विचारू नका.

पुढच्या मे महिन्यात दापोलीला लग्न होतं. मागची सीट पाडून पाच डझनी आठ पेट्या भरल्या, मेव्हणा शेजारी बसला आणि आम्ही धोपाव्याच्या जेटीवर आलो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: धोपावे ते दाभोळ फेरीबोट आहे, नाहीतर खाडीला मोठा वळसा पडतो. पूर्ण ओहोटी होती. अशा वेळी जेटीचा उतार लांबच्या लांब उघडा पडतो आणि बोटीचा रॅम्प त्याच्याशी चांगलाच कोन करून बसतो. पुढची चाकं त्या खोबणीत उतरली, स्प्रिंगा पार दबल्या आणि नेमकं तेव्हाच खलाशी ओरडला, "काट मारा, उजवीकडे, पूर्ण!" मी पूर्ण काट मारली. खर्रर्र करून असा आवाज आला की पुढच्या मोटारसायकलवाल्याने मागे वळून बघितलं. बंपरचा खालचा कोपरा बाहेर वाकला, चाकावरचं प्लॅस्टिकचं लायनर अर्धं उपटून टायरला गुंडाळलं गेलं, दोन क्लिपा टणकन उडून खाडीत गेल्या. खलाशाने लायनरचा तुकडा उचलून खिडकीतून माझ्या हातात दिला. बोलला काही नाही. मेव्हणा म्हणाला, "पेट्या जास्त झाल्या."

पेट्या जास्त झाल्या नव्हत्या. लिफ्टने उभी गाडी वर येते, दबलेली नाही! खड्ड्यात चाक वर जाऊन बंपस्टॉपला, म्हणजे त्याला अडवणाऱ्या रबरी ठोकळ्याला, टेकतं ते जुन्याच जागी टेकतं, मग तुम्ही दोन इंच उचला की तीन. उभ्या गाडीत टायर आणि कमान यांच्यात मूठ जाईल एवढी फट दिसते. स्प्रिंग पुरती दबली की ती उरत नाही. टायर वाचवायचा असेल तर बंपस्टॉप लांब करावा लागतो, म्हणजे चाकाचा वरचा प्रवास थोडा कमी होतो. ही गोष्ट गॅरेजात कुणी बोललं नाही. मीही विचारली नाही, ती चूक माझी.

दुसरी घासायची जागा आतली. पूर्ण काट मारली की टायरची आतली कड एक्सल धरणाऱ्या आर्मला लागते. मग लोक जास्त बाहेर येणारी रिम घालतात. आर्म सुटतो आणि बाहेरची कड बंपरला आणि मडफ्लॅपला जाऊन भिडते. तिथे बंपर कापतात किंवा स्टेअरिंगचा स्टॉपर थोडा आवळतात, म्हणजे वळणाचा घेर वाढतो. गुहागरच्या गल्ल्यांमध्ये तो घेर काय भावाने पडतो ते मला विचारा. शिवाय कंपनीची रिम साडेपाच इंच रुंद आहे आणि २३५च्या टायरला किमान सहाची लागते. तीच रिम ठेवून बसवणारे आहेत, मी त्यांच्यातला नाही.

लिफ्टने आणखी एक होतं. जिम्नीचा पुढचा एक्सल सरळ आहे, म्हणजे दोन्ही चाकं एकाच अखंड दांड्यावर, आणि तो आर्मवर टांगलेला. गाडी उचलली की कॅस्टर (स्टेअरिंगच्या आसाचा मागे झुकलेला कोन) कमी होतो, स्टेअरिंग वळणानंतर सरळ यायला आळस करतं आणि हायवेवर गाडी थोडी भरकटते. त्याला आर्मच्या सांध्यात घालायचे वेगळे बुश मिळतात, ते घालून अलाइनमेंट करून घ्या. पॅनहार्ड रॉडमुळे (एक्सलला आडवा धरणारा दांडा) एक्सल थोडा बाजूलाही सरकतो, पण दीड-दोन इंचांत त्याचा बाऊ करू नका.

आणि इंजिन. १३४ एनएमच्या टॉर्कमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तेवढ्याशा जोरात, मोठं, जड चाक फिरवायचं म्हणजे गिअर उंच झाल्यासारखंच. कुंभार्ली घाटात जिथे गाडी तिसऱ्यावर गुणगुणत चढायची, तिथे दुसरा मागायला लागली. उतरताना ब्रेकही जास्त दाबावा लागायचा. मीटर पूर्वीपेक्षा जवळपास सहा टक्के कमी दाखवतो, त्यामुळे ॲव्हरेज कागदावर दिसतं त्याहून किंचित बरं असतं. तरी पडलं ते पडलंच.

जून उजाडायच्या आत सगळं काढलं. कंपनीच्या स्प्रिंगा परत आल्या आणि २१५/७५ आर १५ ऑल टेरेन (डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठीचे) घातले. ७०३ मिमी, कंपनीच्याच रिमवर, लिफ्ट नाही, कात्री नाही, खर्रर्र नाही. एक्सलखाली फायदा पाच मिमी, म्हणजे नसल्यातच जमा. पण टायरचा दात बदलला हाच खरा फायदा. आपल्याकडे पावसात दोनच शत्रू: लाल चिकण चिखल आणि शेवाळलेला जांभा. चिखलाला मड टेरेन, म्हणजे खास चिखलाचा टायर, चांगला, मान्य. पण ओल्या कातळावर आणि ओल्या डांबरावर त्याचे मोठे कडक ठोकळे घसरतात, आणि आपण वर्षभर चालतो डांबरावरच.

मेव्हण्याने त्या उन्हाळ्यात स्वतःच्या जिम्नीलाही दोन इंच लिफ्ट केली होती, टायर मात्र कंपनीचेच. गणपतीला आला आणि हट्टाने पाणंदीतून वर निघाला. दोन्ही चाकोऱ्या पाण्याने खणल्या होत्या, मधला वरंबा गवताखाली लपलेला. निम्म्यात गाडी थांबली. चाकं फिरतायत, गाडी जागची हलत नाही. मी वाकून बघितलं तर डिफरन्शियल, म्हणजे एक्सलच्या मधला गिअरचा गोळा, वरंब्यावर बसलेलं, चिखलात अंड्यासारखं. एक्सल सरळ आहे बाबा! लिफ्टने बॉडी वर गेली, डिफरन्शियल जिथल्या तिथे. त्याला वर उचलतो तो फक्त टायर. मागून माझी गाडी आली ती पाच मिमीच्या जोरावर नाही, डावं चाक वरंब्यावर घातलं म्हणून. दोराने त्याला मागे ओढलं. त्यावर त्याचं उत्तर, "टायर गुळगुळीत होते."

तरीही तुम्हाला २३५च हवे असतील तर बंपस्टॉपसकट किट घ्या, सहाची रिम घ्या, आणि पैसे देण्याआधी गाडी पूर्ण भरून, एक चाक दगडावर चढवून, काट मारून बघा. रिकाम्या गाडीवर सपाट जमिनीवर केलेली तपासणी फुकट आहे. स्टेपनीही त्याच मापाची हवी, आणि ती मागच्या दारावर, म्हणजे बिजागरीवर वजन वाढलं. पुळणीसाठी मोठा टायर नको, हवा कमी करा: १५-१६ पीएसआय, आणि डांबरावर यायच्या आधी परत भरा. खरं म्हणजे पुळणीत गाडी घालूच नका. भरती कुणासाठी थांबत नाही, खाऱ्या पाण्याने चॅसी सडते, आणि तुमच्या दिवेआगर-हरिहरेश्वर पट्ट्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात.

राहिलेलं: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या बदलांवर बंधनं आहेत, विमावाल्यांना आधी विचारा. आणि मी बोललो ते जिम्नीचं. नव्या थारला पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन आहे, म्हणजे दोन्ही चाकं सुटी सुटी वरखाली होतात, तिथे लिफ्टने पुढचं डिफरन्शियल खरंच वर येतं पण ड्राइव्हशाफ्टचा (चाक फिरवणाऱ्या दांड्याचा) कोन बिघडतो. ते गणित वेगळं.

माझे चार २३५ आणि त्या स्प्रिंगा अजून पडवीत आहेत. टायर तुम्हाला हवे असतील तर येऊन बघून जा, जेमतेम हजार किलोमीटर चाललेत. मेव्हणाही मागतोय. त्याला म्हटलं, आधी वरंब्यावर कशामुळे अडकलास ते ताईसमोर सांग.