वहिनींचा डबा परत करा

माननीय ताई,
नौपाड्यातील वडिलांच्या घराच्या पुनर्विकासात हिश्शावरून थोरल्या भावाशी बिनसले, त्याला ४ वर्षे झाली. आम्ही एकाच मंडळीत उपासनेला जातो, पण बोलणे नाही. देवाने त्याचे मन पालटावे म्हणून मी रोज प्रार्थना करतो आणि बायबलच्या स्तोत्र २७ मधील ‘परमेश्वराची प्रतीक्षा कर’ हे वचन धरून धीराने थांबलो आहे. गेल्या नाताळात वहिनीने पुतणीच्या हाती फराळाचा डबा पाठवला होता, तो अजून आमच्याकडेच आहे. परंतु भावाकडून काहीच हालचाल नाही. देवाची वेळ आली हे कसे ओळखावे?
– एक वाचक, कळवा (पत्र संक्षिप्त केले आहे.)

तुमच्या मूळ पत्राची तीन पाने हिश्शाच्या हिशेबात गेली आहेत आणि त्या डब्याच्या वाट्याला जेमतेम एक ओळ आली आहे. मला मात्र त्या ओळीपुढे जाववेना. आपल्याकडे शेजारणीचा डबासुद्धा कोणी रिकामा परत करत नाही. तुम्ही सख्ख्या भावाच्या घरचा फराळ खाल्लात, डबा ठेवून घेतलात आणि वर विचारता की तिकडून हालचाल का नाही. हालचाल झालेली आहे. अबोला धरलेल्या घराच्या दारात आपल्या लेकीला उभे करताना त्या माउलीला काय वाटले असेल, याचा तुम्ही विचार केलेला दिसत नाही. त्या दिवसापासून वाट पाहण्याची पाळी त्यांची आहे.

तुमचे आवडते वचन एकदा शेवटपर्यंत वाचा. स्तोत्र २७ च्या त्या १४व्या ओवीत प्रतीक्षा करण्यास दोनदा सांगितले आहे आणि त्या दोहोंच्या मध्ये हिंमत धरण्यास सांगितले आहे. तेवढे तुम्ही सोयीने गाळलेत. बायबलमधला योसेफ १७ वर्षांचा असताना भावांकडून विकला गेला, पुढे बंदिवान झाला आणि ३०व्या वर्षी मिसरच्या राजापुढे, फारोपुढे, उभा राहिला, कारण बंदिशाळेचे दार उघडणे त्याच्या हातात नव्हते. तरीही सुटून जाणाऱ्या प्यालेबरदाराला, म्हणजे राजाला मद्य देणाऱ्या सेवकाला, ‘माझी आठवण ठेव’ असे सांगायला तो चुकला नाही. तुमच्या दाराला तर बाहेरून कडी नाही.

तुमच्याशी जुळणारी गोष्ट याकोबाची आहे. मामा लाबानाकडे २० वर्षे काढून परतताना, पूर्वी ज्याला फसवले त्या थोरल्या भावाच्या, एसावाच्या, भीतीने त्याने देवाचा धावा केला आणि त्याच रात्री २०० शेळ्या, २० बोकड, शिवाय मेंढ्या, उंट, गाई, गाढवे अशी भेट वेगळी काढून आपल्यापुढे धाडली. आधी एसावाचे मन पालटू दे, मग निघतो, असे तो म्हणाला नाही, आणि एसाव धावत येऊन त्याच्या गळ्यात पडला. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या ५व्या अध्यायात तर प्रभूने मुभाच ठेवलेली नाही: भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असे वेदीपाशी आठवले, तर अर्पण तेथेच ठेव आणि आधी जाऊन समेट कर. तक्रार भावाची असली तरी उठायचे आपण. त्याच्यासोबत एकाच छपराखाली प्रभुभोजन घेताना हा अध्याय तुम्हाला कसा आठवला नाही, याचे मला नवल वाटते.

तेव्हा येत्या शनिवारी संध्याकाळी डबा भरून भावाच्या घरी जा. मुलाच्या हाती पाठवू नका, आधी फोनवर अंदाज घेऊ नका आणि पाळकसाहेबांना मध्यस्थ म्हणून सोबत नेऊ नका. डबा वहिनींच्या हातात द्या, फराळाबद्दल आभार माना, उशिराबद्दल क्षमा मागा आणि बसा म्हणाले तर चहा घ्या. भाऊ आतल्या खोलीत बसून राहिला, तरी पुढच्या महिन्यात पुन्हा जा.

हिस्सा सोडा, असे मी म्हणत नाही. याकोब आणि एसाव भेटले, तरी एक सुक्कोथास गेला आणि दुसरा सेईरास. पुढे वडिलांना मूठमाती द्यायला मात्र दोघे एकत्र होते. करारनाम्याचे बोलणे वकिलासमोर, वेगळ्या दिवशी करा आणि शनिवारी जाताना ती फाइल घरीच ठेवा.