चाकाच्या बोटीत सुकाणू कुठे आहे, हे न बघता कसं ओळखायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २२ फुटी जुनी बोट घेतली आहे, आत एकच डिझेल इंजिन, पाण्याखाली एक पंखा (प्रोपेलर) आणि चाकाचं स्टिअरिंग. उघड्या पाण्यात ती नीट जाते, पण धक्क्यापाशी गिअर टाकला की नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, भलतीकडेच वळते, कारण त्या घडीला सुकाणू कुठे आहे याचा पत्ता नसतो. जुन्याजाणत्यांना ते ‘हाताला कळतं’ म्हणतात, ते कसं?

हाताला कळतं हे दांड्याच्या होडीत अगदी खरं आहे. मी मालवणात तशाच होडीवर शिकलो. सुकाणूचा दांडा काखेत धरला की आपला हात म्हणजेच सुकाणू. दांडा उजवीकडे ढकलला की नाळ डावीकडे, आणि पाण्याचा दाब थेट कोपरापर्यंत जाणवतो. डोळे मिटले तरी सुकाणू किती कललंय ते सांगता येतं. पुढे थोरल्या काकांच्या लाँचवर चाक हातात आलं आणि ही सगळी जाण एका दिवसात गेली. तुमचं नेमकं तेच झालंय, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी तुमचं स्टिअरिंग केबलचं आहे की तेलाचं, ते बघा. केबलच्या चाकात बहुतेक वेळा थोडा तरी दाब परत हाताशी येतो. तेलाच्या स्टिअरिंगमध्ये चाकामागे लहानसा पंप असतो आणि मागे सुकाणूला सिलिंडर. मध्ये बसवलेला व्हॉल्व सुकाणूकडून येणारा दाब अडवतो. चाक सोडून दिलं तरी सुकाणू जागचं हलत नाही ही त्याची सोय, आणि हाताला काहीच कळत नाही ही त्याची अडचण. तिथे तळहातावर भरवसा ठेवून उपयोग नाही. मोजावं लागतं, आणि पाणी वाचावं लागतं.

मोजणं असं. बोट बांधलेली असताना चाक डावीकडे पार शेवटपर्यंत न्या. मग उजवीकडे शेवटपर्यंत फेरे मोजत जा. समजा पाच फेरे भरले, तर अडीच फेरे परत आलात की सुकाणू मधोमध. बहुतेक बोटींत सुकाणू दोन्ही बाजूंना साधारण ३५ अंश वळतं. म्हणजे टोकापासून टोकापर्यंत ७० अंश, आणि पाच फेऱ्यांच्या चाकाचा एक फेरा म्हणजे १४ अंश. हा आकडा डोक्यात बसला की ‘थोडंसं वळवलं’ याला काही अर्थ येतो. पाव फेरा म्हणजे जेमतेम साडेतीन अंश. एवढ्यावर धक्क्यापाशी बोट वळत नाही, आणि नवखा माणूस नेमका तिथेच घाबरून अडीच फेरे मारून मोकळा होतो.

मोजताना एकदा तरी सुकाणू डोळ्यांनी बघा. आमच्याकडे सुकतीला, म्हणजे ओहोटीला, खाडीत बोट चिखलात बसली की हे काम सोपं होतं: एकाने चाकावर राहायचं, दुसऱ्याने मागे उतरून सुकाणूकडे बघत राहायचं. तेव्हाच कळतं की चाक किती फिरल्यावर सुकाणू हलायला लागतं. जुन्या केबलला चाल पडलेली असते. चाक हाताच्या बोटाच्या रुंदीएवढं फिरतं आणि मागे काहीच होत नाही. ही रिकामी चाल फेऱ्यांच्या हिशोबातून वजा धरायची.

सुकाणू मधोमध असताना चाकाचा जो आरा वर येतो, त्याला दोरी गुंडाळून गाठ मारा. ही खलाशांची जुनी रीत आहे. रंगीत पट्टीपेक्षा दोरी बरी, कारण अंधारातही अंगठ्याला गाठ लागते आणि नजर पुढेच राहते. माझ्या चाकावर हिरव्या नायलॉनची गाठ होती, घामाने आणि डिझेलने काळी पडलेली, पण हात आपोआप तिच्यावर जायचा. केबलच्या चाकावर ही खूण भरवशाची. तेलाच्या चाकावर मात्र तिच्यावर विसंबू नका. पंपात आणि सिलांत (तेल अडवणाऱ्या कड्यांत) तेल थोडं थोडं निसटतं, आणि सकाळी वर असलेली गाठ दुपारपर्यंत घड्याळातल्या दोनच्या जागी गेलेली असते. सुकाणू मधेच असतं, गाठ सरकलेली असते. अशा बोटीत दर वेळी निघण्याआधी टोकापासून टोकापर्यंत फेरे मोजायचे.

मी ते एकदा केलं नाही. आदल्या संध्याकाळी बोट धक्क्याला लावताना चाक पूर्ण डावीकडे नेलं होतं आणि तसंच सोडून घरी गेलो. सकाळी दोर सोडले, पुढचा गिअर टाकला. चाक गोल, ते कितव्या फेऱ्यावर आहे हे नुसतं बघून कळत नाही. सुकाणू पूर्ण डावीकडे असल्यामुळे बोटीची मागची बाजू जोरात उजवीकडे गेली आणि शेजारच्या होडीची एक फळी फुटली. ती होडी ज्यांची होती त्यांचे दोन दिवस फुकट गेले, याचं मला आजही वाईट वाटतं. काका मला ओरडले नाहीत. फळीचे पैसे दिले आणि म्हणाले, “बोट बांधलंस की चाक मधी आणून ठेव. सकाळी परत मोज.” तेव्हापासून बोट बांधल्यावर चाक मधे आणणं हे माझं शेवटचं काम, आणि गिअरला हात लावण्याआधी फेरे मोजणं हे पहिलं.

आता पाण्याबद्दल, कारण खरी जाण तिथून येते. सुकाणू म्हणजे पाण्यातली एक फळी. तिच्यावरून पाणी वाहिलं तरच ती काम करते. तुमच्या बोटीत पंखा सुकाणूच्या पुढे आहे, म्हणून पुढचा गिअर असताना पंख्याचं पाणी सरळ सुकाणूवर आदळतं आणि बोट जवळजवळ उभी असली तरी वळते. न्यूट्रलला टाकलंत की तो झोत बंद, आणि वेग कमी असेल तर चाक फिरवून फारसं काही होत नाही. धक्क्यापाशी चाक ‘ऐकत नाही’ असं वाटतं त्याचं बहुतेक वेळा कारण हेच असतं. अशा वेळी चाक हवं तिकडे पूर्ण वळवा, मग दोन सेकंद पुढचा गिअर द्या, परत न्यूट्रल. बोट पुढे फार जात नाही, पण मागची बाजू सरकते.

या झोतावरूनच सुकाणूची जागा दिसते. बोट बांधलेली असताना पुढचा गिअर अगदी हळू टाका आणि मागे वळून बघा. सुकाणू मधे असेल तर फेस सरळ मागे जातो. उजवीकडे वळलेलं असेल तर फेस उजवीकडे फेकला जातो, आणि फेस ज्या बाजूला निघतो त्याच बाजूला नाळ वळणार. चार-पाच वेळा चाक बदलून हे बघितलंत की फेसाची दिशा आणि चाकाचे फेरे यांची जोडी मनात बसते.

मागच्या गिअरचं गणित वेगळं. तिथे झोत सुकाणूवर पडत नाही, पुढे बोटीच्या अंगाला लागतो. बोट मागे जरा वेग घेईपर्यंत सुकाणूचं काही चालत नाही, पंख्याचंच चालतं. पुढे जाताना, मागून बघितल्यावर, घड्याळाच्या दिशेने फिरणारा पंखा असेल तर मागच्या गिअरला बोटीची मागची बाजू डावीकडे ओढली जाते. उलटा पंखा असेल तर उजवीकडे. बोट बांधून मागचा गिअर टाका आणि कुठल्या बाजूने खळखळ पुढे येते ते बघा: मागची बाजू त्याच्या विरुद्ध दिशेला जाणार. तुमच्या बोटीची ही खोड एकदा कळली की धक्का कुठल्या बाजूला घ्यायचा तेही ठरतं. आणि कधी दांड्याची होडी मागे न्यायची वेळ आली तर दांडा घट्ट धरा. मागून येणारं पाणी सुकाणूला एकदम एका बाजूला फेकतं आणि दांडा बरगडीवर बसतो.

नजर कुठे ठेवायची, हे मला सर्वांत उशिरा कळलं. मी सतत चाकाकडे बघायचो. काका म्हणायचे, “झिला, चाकाक कित्याक बघतस? फुडे बघ.” मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्गाकडे जाताना पाण्याखाली खडक आहेत, वाट वळणावळणाची आहे. तिथे नाळेचं टोक आणि किल्ल्याचा एखादा बुरूज एका रेषेत धरायचे. नाळ बुरुजावरून सरकायला लागली की सुकाणू लागलं, हे चाकाकडे न बघता कळतं. सरकणं थांबवायला चाक नुसतं मधे आणून भागत नाही, कारण बोट वळतच राहते. खूण यायच्या थोडं आधी जरासं उलटं सुकाणू द्यायचं, मग मधे आणायचं. मागे वळून आपली पाण्यावरची रेघ बघा. ती नागमोडी असेल तर तुम्ही उशिरा आणि जास्त चाक फिरवताय.

इथे एक घोटाळा बऱ्याच जणांचा होतो. बोट सरळ जातेय म्हणजे सुकाणू मधे आहे, असं नसतं. बाजूने वारा असेल, तर सरळ जाण्यासाठी सुकाणू जरासं कललेलंच ठेवावं लागतं. एकच पंखा असलेली बोट शांत पाण्यातही थोडी एका बाजूला ओढते. म्हणून उघड्या पाण्यात ‘सरळ’ चालताना हाताला लागलेली जागा हीच मधली समजून धक्क्यात शिरू नका.

सुकाणूचा कोन दाखवणारा काटा बसवून मिळतो. बसवायला हरकत नाही, तेलाच्या स्टिअरिंगला तर मी बसवाच म्हणेन. फक्त सुरुवातीचे काही दिवस तो झाकून ठेवा आणि आधी स्वतः अंदाज बांधून मग उघडून बघा.

सरावाला वारा पडलेली सकाळ निवडा, मोकळं पाणी, सोबत एक जाणता माणूस. बोट हळू चालू ठेवा, त्याने आजूबाजूला नजर ठेवायची. तुम्ही चाक दीड फेरा उजवीकडे न्या, डोळे मिटा आणि मोजून परत मधे आणा. डोळे उघडा, नाळ अजून सरकतेय का ते बघा. मग डावीकडे. दहा-वीस वेळा रोज केलंत तर आठवड्याभरात फरक पडेल. स्टिअरिंग कसलं आहे आणि चाकाचे फेरे किती भरले ते खाली लिहा, म्हणजे धक्क्याला लावताना चाक कधी, किती वळवायचं ते तुमच्या बोटीच्या हिशोबाने सांगतो.