विचारा बिनधास्त : नॅशव्हिलचा शनिवार आणि त्याची माणसं

मागच्या अंकात मी सहज दोन ओळी लिहून टाकल्या होत्या की अमेरिकेतल्या नॅशव्हिलच्या 'ग्रँड ओल ऑप्री' ह्या कंट्री म्युझिकच्या (म्हणजे तिकडच्या गावाकडच्या संगीताच्या) रेडिओ कार्यक्रमाला 28 नोव्हेंबर 2025 ला शंभर वर्ष झाली, आणि वाटलं होतं कोण वाचतंय. तर पत्रांचा ढीगच आला की! म्हणून ह्यावेळी मधुमेह, भाडेकरार वगैरे प्रश्न बाजूला ठेवलेत, रागावू नका, ते पुढच्या अंकात.

प्रश्न : मुलगी-जावई नॅशव्हिलला असतात, मी उन्हाळ्यात जाणार आहे. त्यांनी ऑप्रीची तिकिटं काढलीत. मला ऑपेरातलं काही कळत नाही हो, ते किंचाळून गातात ना? दोन तास कशी बसू? (एक आजी, पुणे)

आजी, अजिबात घाबरू नका, ऑपेराशी त्याचा संबंध फक्त चेष्टेपुरता आहे. झालं असं, की 1925 साली नॅशव्हिलच्या एका विमा कंपनीने रेडिओ स्टेशन काढलं, डब्ल्यूएसएम, म्हणजे 'वी शील्ड मिलियन्स', आम्ही लाखोंचं रक्षण करतो, कंपनीची जाहिरातच स्टेशनच्या नावात घातली म्हणा ना. तिथे जॉर्ज हे नावाचा निवेदक होता (हे हे आडनाव आहे, वाक्य चुकलेलं नाही), त्याने एका शनिवारी रात्री 77 वर्षांच्या अंकल जिमी थॉम्पसन नावाच्या म्हाताऱ्याला माइकसमोर खुर्चीत बसवलं आणि व्हायोलिन वाजवायला लावलं, साथीला पुतणी पियानोवर. गावाकडच्या नाचाच्या धुना. लोकांना ते इतकं आवडलं की दर शनिवारी कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा नाव होतं 'बार्न डान्स', धान्याच्या कोठारातला नाच.

दोन वर्षांनी, डिसेंबर 1927 मध्ये, ह्यांच्या आधी रेडिओवर शास्त्रीय पाश्चात्य संगीताचा एक भारदस्त कार्यक्रम लागायचा, तो संपल्यावर हे साहेब म्हणाले की आत्तापर्यंत तुम्ही 'ग्रँड ऑपेरा' ऐकलात आता ऐका 'ग्रँड ओल ऑप्री'. खेड्यातला माणूस ऑपेरा जसा उच्चारेल तसा उच्चार, मुद्दाम. ते नाव चिकटलं ते आजतागायत.

बसायची काळजी तर करूच नका. एक जण दोन-तीन गाणी म्हणतो, जातो, दुसरा येतो, मधे कोणी विनोद सांगतं, मधे नाचणारे येतात, निवेदक जाहिराती तिथेच स्टेजवर वाचतो कारण हे सगळं आजही रेडिओवर लाइव्ह जातंय. आणि एकाच रात्रीत ऐंशी वर्षांचा गायक आणि पंचविशीतली पोरगी दोघं दिसतात. पूर्वीच्या जत्रेतल्या वगासारखं कसं, कंटाळा आला की दुसरं सोंग येतंच.

प्रश्न : आमच्या वसईत प्रत्येक घरात नाताळला जिम रीव्ह्जच्या कॅसेट वाजायच्या, माझे पप्पा तर त्याला देवच मानायचे. तो ह्या ऑप्रीवाला का? (एक वाचक, वसई)

हो, ऑप्रीवालाच! 1955 साली तो मेंबर झाला (मेंबर म्हणजे काय ते पुढे येतंच). आधी बेसबॉल खेळायचा, मग रेडिओवर निवेदक, मग गायक. त्या निवेदकगिरीमुळेच असेल, पण माइकच्या अगदी जवळ जाऊन हळू बोलल्यासारखं गाण्याची त्याची पद्धत होती, कंट्रीवाले बाकीचे उंच खणखणीत आवाजात गायचे आणि हा गडी कानात सांगितल्यासारखा. वसईत, गोव्यात, बांद्र्यात तो एवढा का चालला ह्याचं माझं उत्तर हेच आहे, की ज्यांचं इंग्लिश शाळेपुरतं होतं त्यांनाही त्याचा शब्दन्‌शब्द कळायचा. आणि नाताळची गाण्यांची त्याची प्लेट 1963 ला आली, ती तर तुमच्याकडे घासून पांढरी झाली असेल.

31 जुलै 1964 ला स्वतः विमान चालवत नॅशव्हिलला येत होता, वादळी पावसात सापडला आणि विमान पडलं, वय फक्त 40. त्याच्या आधीच्याच वर्षी, मार्च 1963 ला, पॅट्सी क्लाइन, काउबॉय कोपास आणि हॉकशॉ हॉकिन्स हे तिघं ऑप्रीवाले एका विमान अपघातात गेले होते. दीड वर्षात एकाच कार्यक्रमाचे चार कलाकार, विचार करा.

पप्पांना नमस्कार सांगा.

प्रश्न : मी माऊथ ऑर्गन वाजवतो. ऑप्रीवर माऊथ ऑर्गनवाला कोणी होता का? (कोल्हापूर)

तुम्ही एका ओळीत विचारलंत पण उत्तर लांबणार आहे, कारण मला ह्या सगळ्या शंभर वर्षांत ज्याच्याबद्दल सगळ्यात जास्त लिहावंसं वाटतं तो माणूस माऊथ ऑर्गनवालाच आहे.

डीफोर्ड बेली. जन्म 1899, नॅशव्हिल ज्या राज्यात आहे त्या टेनेसीतलाच. लहानपणी पोलिओ झाला, उंची पाच फुटालाही कमी राहिली, पाठीला बाक. पण घरात सगळे वाजवणारे आणि घराजवळून रेल्वे जायची, तर हा पोरगा पुलाखाली थांबून गाडीचा आवाज ऐकायचा आणि तोच माऊथ ऑर्गनवर काढायचा, शिट्टी, चाकांचा खडखडाट, लांबून येणारी, जवळ येणारी, लांब जाणारी. आणि वर मी सांगितलं ना की 1927 ला 'ऑप्री' हे नाव पडलं, तर त्याच रात्री, ते वाक्य म्हणून झाल्याझाल्या, हेने ज्याला माइकवर बोलावलं तो हाच, आणि त्याने वाजवली रेल्वे. म्हणजे ऑप्री ह्या नावाखाली पहिलं जे वाजलं ते एका काळ्या माणसाने वाजवलं. हे मी मुद्दाम ठळक लिहितोय कारण कंट्री म्हणजे गोऱ्यांचं संगीत असं भले भले बोलून जातात.

रेडिओवर रंग दिसत नाही, त्यामुळे ऐकणाऱ्यांपैकी खूप जणांना तो काळा आहे हे माहीतच नव्हतं. पण दौऱ्यावर गेल्यावर दिसायचं की. रॉय अकफ, बिल मन्रो हे ऑप्रीचे गायक तेव्हा नवे होते, ह्याचं नाव मोठं होतं, गर्दी खेचायला ह्याला बरोबर न्यायचे, आणि गावात पोचल्यावर हॉटेलात त्याला खोली मिळायची नाही, गोऱ्यांच्या खानावळीत जेवण मिळायचं नाही. 

मग 1941 ला त्याला काढलं. कारण काय तर गाण्यांच्या हक्कांचं भांडण. संगीतकारांच्या एका संस्थेने रेडिओवाल्यांकडे जास्त पैसे मागितले, रेडिओवाले म्हणाले तुमची गाणी वाजवतच नाही, त्यांनी स्वतःची वेगळी संस्था काढली, आणि डीफोर्डच्या नेहमीच्या हिट धुना नेमक्या पहिल्या संस्थेकडे नोंदलेल्या. त्याला सांगितलं नवीन वाजव. आता लोक पंधरा वर्ष जे ऐकायला येतात ते वाजवायचं नाही म्हणजे काय. तर कामावरून कमी केलं, आणि नंतर त्याच जॉर्ज हेने लिहून ठेवलं की तो आळशी होता, नवीन शिकलाच नाही. मला हे वाचून खरंच चीड आली होती. ज्याच्या जिवावर नाव पडलं त्यालाच.

पुढे त्याने नॅशव्हिलमध्ये बूटपॉलिशचं दुकान चालवलं. 1974 ला जुन्या कलाकारांच्या कार्यक्रमासाठी परत बोलावलं तेव्हा येऊन वाजवलं. 1982 ला गेला आणि कंट्रीच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव लागलं 2005 साली. त्याच्यानंतर ऑप्रीचा दुसरा काळा मेंबर कधी झाला माहितीये? 1993, चार्ली प्राइड. मधे अर्धशतक गेलं. तिसरा डॅरियस रकर, 2012.

त्याच्या जुन्या रेकॉर्डिंग ऐकायला मिळतात, तुम्ही वाजवता म्हणजे ऐकाच, एका श्वासात काय काय करतो ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल.

प्रश्न : मेंबर मेंबर लिहिता, म्हणजे नोकरी का? पगार असतो? आणि काढून पण टाकतात? (नागपूर)

नोकरी नाही, आणि नुसता मानही नाही, दोन्हीच्या मधलं काहीतरी. अर्ज करून होता येत नाही, ते बोलावतात. बहुतेक वेळा चालू कार्यक्रमात एखादा जुना मेंबर स्टेजवर येऊन सगळ्यांसमोर विचारतो, येतोस का आमच्यात, आणि समोरचा रडायला लागतो, हे व्हिडिओ बघाच, मोठमोठे स्टार हुंदके देतात. पैसे मिळतात पण बाहेर एका रात्रीत जे मिळतात त्यापुढे किरकोळ. बदल्यात यायचं, वेळोवेळी हजेरी लावायची. पूर्वी नियम कडक होता, वर्षाला 26 शनिवार. आता शनिवार म्हणजे कलाकाराच्या कमाईचा वार, तेवढे सोडायचे म्हणजे बघा. 1964 च्या शेवटी हजेरी भरली नाही म्हणून एकदम डझनभर लोकांना काढलं होतं. नंतर नियम सैल केला. चार्ली प्राइडला पण आधी विचारलं होतं पण दौऱ्यांमुळे त्याला ते जमण्यासारखं नव्हतं.

काढण्याचं म्हणाल तर सगळ्यात मोठं नाव हँक विल्यम्स. 11 जून 1949 ला पहिल्यांदा आला तर लोकांनी सहा वेळा वन्समोअर घेतला. आणि ऑगस्ट 1952 ला दारूपायी, कार्यक्रम चुकवण्यापायी काढला. 1953 च्या एक जानेवारीला पुढच्या कार्यक्रमाला जाताना गाडीतच मेला, वय 29. चाहते अजून अर्ज करतात की त्याला मरणोत्तर परत घ्या. ऑप्रीने घेतलेलं नाही. माझं मत विचाराल तर त्यात ऑप्रीची चूक दिसत नाही, मेंबरशिप म्हणजे येऊन उभं राहायचं वचन, गेलेला माणूस ते कसं पाळणार.

जॉनी कॅशने 1965 ला नशेत माइकचा स्टँड स्टेजच्या कडेच्या दिव्यांवरून फिरवला, सगळे फोडले, तेव्हा त्याला सांगितलं परत येऊ नकोस. आणि चारच वर्षांनी त्याच्या स्वतःच्या टीव्ही शोचं शूटिंग त्याच स्टेजवर झालं! आणि एल्विस प्रेस्ली, तो 2 ऑक्टोबर 1954 ला एकदाच आला, लोकांनी बेताच्या टाळ्या वाजवल्या आणि तो पुन्हा कधी ऑप्रीवर गायला नाही.

उलट बाजू पण सांगतो नाहीतर वाटेल काढायचाच धंदा आहे. बिल अँडरसन 1961 पासून मेंबर आहे, कोणाचीही एवढी वर्ष नाहीत. जीनी सीली 1967 ला मेंबर झाली आणि 2025 च्या ऑगस्टमध्ये गेली तोवर पाच हजारांवर वेळा त्या स्टेजवर उभी राहिली, हा विक्रम आहे. लिटल जिमी डिकन्स, नावाप्रमाणेच चार फूट अकरा इंच, 1948 ला मेंबर, 94 व्या वर्षी गेला त्याच्या थोडे दिवस आधीपर्यंत तिथे गात होता. आणि मार्टी रॉबिन्स तर शनिवारी संध्याकाळी मोटारींच्या शर्यतीत भाग घ्यायचा म्हणून मुद्दाम अगदी शेवटचा स्लॉट मागून घ्यायचा, शर्यत संपवून धावत यायचा.

प्रश्न : बायका होत्या का? की सगळे टोपीवाले पुरुषच? (एक वाचक, ठाणे)

टोपी म्हणालात म्हणून आधी मिनी पर्ल. ही गायिका नव्हे, विनोदी कलाकार, 1940 ला आली आणि पन्नास वर्ष राहिली. खेडवळ नटलेली बाई, टोपीला किमतीची चिठ्ठी लटकलेली, 1 डॉलर 98 सेंट, काढायची विसरली असं सोंग. प्रत्यक्षात चांगल्या घरातली, कॉलेजात नाट्य शिकलेली. आपल्या तमाशातला सोंगाड्या जसा आधी स्वतःवर हसतो तसं.

गायिका तर रांगेने, पॅट्सी क्लाइन, लोरेटा लिन (1962, कोळसा खाणीतल्या मजुराची मुलगी), डॉली पार्टन 1969, आणि आत्ताच्या कॅरी अंडरवुड 2008, लेनी विल्सन 2024. पॅट्सी क्लाइनचं मला आवडतं ते हे की तिने वाट बघितलीच नाही, स्वतःच तोंड उघडून विचारलं मला मेंबर करता का. आणि केलं.

प्रश्न : तिथला बँजो आणि आपल्या गणपतीतला बँजो एकच का? (रत्नागिरी)

नाही हो. आपल्या बँजो पार्टीतला म्हणजे बटणं दाबून वाजवायचा बुलबुल तरंग. त्यांचा म्हणजे डफासारख्या चामड्याच्या तोंडावर लांब दांडी आणि तारा, आणि मूळ आफ्रिकेतून आणलेल्या गुलाम लोकांचं वाद्य. 1945 च्या डिसेंबरात अर्ल स्क्रग्ज नावाचा पोरगा बिल मन्रोच्या बँडमधून ऑप्रीवर आला आणि तीन बोटांनी असा काही वाजवला की बँजो म्हणजे विनोदवीराचं वाद्य ही समजूतच मोडली.

प्रश्न : जुना हॉल बघायचा की नवा? तिकडे जातोय, एकच दिवस आहे. (बोस्टनहून एक वाचक)

दिवसा जुना, रात्री नवा. सुरुवातीला स्टुडिओत गर्दी मावेना म्हणून ऑप्री हॉल बदलत फिरत होती, 1939 च्या सुमाराला तर गर्दी कमी व्हावी म्हणून 25 सेंट तिकीट लावलं, तरी कमी होईना. 1943 ला रायमन ऑडिटोरियममध्ये आली, ते 1892 चं प्रार्थनागृह, बसायला चर्चची लाकडी बाकं, एसी नाही, उन्हाळ्यात लोक पुठ्ठ्याच्या पंख्याने वारा घ्यायचे. 16 मार्च 1974 ला नव्या ऑप्री हाउसमध्ये पहिला कार्यक्रम झाला तेव्हा राष्ट्राध्यक्ष निक्सन येऊन पियानो वाजवून गेले.

नव्या स्टेजच्या मधे एक गोल आहे, सहा फुटांचा, रंग थोडा वेगळा, तो रायमनच्या स्टेजचं लाकूड कापून आणून बसवलाय, गायक त्याच्यावरच उभा राहतो. 2010 च्या मे महिन्यात कंबरलँड नदीला पूर आला, स्टेज पाण्याखाली गेलं, तो गोल काढून दुरुस्त केला, सप्टेंबरात परत बसवला. दिवसाची टूर घेतलीत तर त्यावर उभं राहून फोटो काढता येतो.

आणि ज्यांना जाता येणार नाही त्यांच्यासाठी, डब्ल्यूएसएम आता ऑनलाइन ऐकता येतं. नॅशव्हिलचा शनिवार संध्याकाळचे सात म्हणजे आपल्याकडे रविवारी पहाटेचे साडेपाच, त्यांच्या हिवाळ्यात साडेसहा. दूधवाला यायच्या आत पहिली दोन-तीन माणसं गाऊन झालेली असतात.